उपाशीपोटी धावण्याचं पुण्य

डिसेंबरात आमच्याकडे फजरची अजान सव्वापाचच्या पुढे होते. त्याच्या बरंच आधी, पावणेपाचलाच, घरासमोरच्या रस्त्यावरून पाय वाजायला लागतात. गोंदियाची थंडी अख्ख्या विदर्भात बदनाम आहे. त्या थंडीत ही पोरं-पोरी कानाला रुमाल बांधून, हातात मोबाईलचा टॉर्च धरून मैदानाकडे निघालेली असतात. कुणाला पोलिसात जायचंय, कुणाला फौजेत, कुणाला वनरक्षक व्हायचंय. नोकरीची दुसरी वाट या जिल्ह्यात फार कुणाला दिसत नाही, म्हणून ती धावतात. त्यांच्यात माझे जुने विद्यार्थी बरेच. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे कुणी मला ‘आपा’ म्हणून सलाम करतं, कुणी ‘मॅडम’ म्हणून नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात त्यातली एक मुलगी आमच्या ओट्यावर येऊन बसली. बसली म्हणजे मैत्रिणीनं धरून बसवली. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर थंड घाम. मी पाणी दिलं, मग गुळाचा खडा दिला. थोड्या वेळानं तिला तरतरी आली तेव्हा विचारलं, “सकाळी काय खाल्लं होतं?”

“काहीच नाही.”

“आणि रात्री?”

“सात वाजता भात खाल्ला न मॅडम.”

सातपासून पहाटे सहापर्यंत अकरा तास झाले. त्यावर मैदानाच्या सहा फेऱ्या. मी रागावले तर ती म्हणाली, “सर म्हणतात, पोटात काही असलं का दौड होत नाही. उपाशीच या म्हणतात.”

तिचे वडील राइस मिलमध्ये हमाली करतात. म्हणजे बाप दिवसभर पाठीवर तांदळाची पोती वाहतो आणि त्याची मुलगी तांदळाच्या या शहरात पहाटे रिकाम्या पोटी धावून पडते. हे मला नीट गिळता आलं नाही.

मी त्या सरांना भेटायला गेले. नाव लिहिणार नाही, कारण माणूस वाईट नाही, आणि खरी अडचण तीच आहे. फौजेतून निवृत्त झालेला, शिस्तीचा, गरीब पोरांकडून फी मागायला लाजणारा माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि आपलं म्हणणं सांगितलं. रिकाम्या पोटी धावलं की चरबी जळते, अंग हलकं राहतं. उपाशी धावायची सवय लागली की मन घट्ट होतं. “फौजेत कोण नाश्ता घेऊन उभं राहते मॅडम?” आणि शेवटी हसत हसत, अगदी प्रेमानं म्हणाले, “तुम्हाला तर हे समजायला पाहिजे. तुमच्यात रोजे असतात न. महिनाभर उपाशी राहता, काही होते का?”

हा लेख त्या शेवटच्या वाक्यानं लिहायला लावला. म्हणून आधी त्याचंच घेते.

रोजा म्हणजे नुसतं उपाशी राहणं, हा समज आमच्या बाहेरच्यांचाच नाही, आमच्यातल्या पुष्कळांचाही आहे. पण रोज्याची सुरुवातच जेवणानं होते. पहाट फुटायच्या आधी उठून खायचं, त्याला सहरी म्हणतात. ती टाळू नका, तिच्यात बरकत आहे, अशी पैगंबरांची शिकवण आहे. मगरिबची अजान झाली की रोजा सोडायला उशीर करायचा नाही, ही दुसरी शिकवण. आजारी आणि प्रवासात असलेल्यांना सवलत कुरआननंच दिलेली आहे, त्यांनी ते रोजे नंतर भरून काढायचे. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वीच्या या व्यवस्थेत अन्नाचं घड्याळ मिनिटांवर बांधलेलं आहे. आमच्या घरी रमजानचं जे वेळापत्रक भिंतीवर लागतं, ते गोंदियाचं वेगळं असतं, मुंबईचं वेगळं. कारण आमच्याकडे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. आणि रोज्यात भर मैदानात सोळाशे मीटर पळा, असं कुणी सांगितलेलं नाही. ज्या परंपरेनं उपवासाच्या दिवशीसुद्धा पहाटेचं जेवण सोडू नका असं सांगितलं, तिचा दाखला बिनरोज्याच्या दिवशी पोरांना उपाशी पळवायला देऊ नये.

फौजेचंही तसंच. आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त हवालदार चाचा आहेत. त्यांना मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, “बेटा, पीटीच्या आधी चहा मिळायचा, सोबत बिस्किट. आणि पीटीवरून परत आलं की लंगरमध्ये नाश्ता गरम असायचा. पोटभर.” सरांनी स्वतः तो नाश्ता वर्षानुवर्षं खाल्ला असणार. पण तो आयता मिळत असल्यानं मोजदादीत धरला नाही. आठवणीत राहिली ती फक्त थंडी आणि धावणं.

आता चरबी जळण्याबद्दल. हे ज्ञान हल्ली मोबाईलवरून येतं. पुण्या-मुंबईचे, नाहीतर त्याहून लांबचे पिळदार तरुण सांगतात की काळी कॉफी प्या आणि रिकाम्या पोटी धावा. त्यांचं सगळंच खोटं नाही. निरोगी माणूस पहाटे उठून अर्धा-पाऊण तास रमत-गमत चालला किंवा हळू धावला, तर त्याला आधी खायची गरज नसते. रात्री नीट जेवलेलं असेल तर स्नायूंमधला साठा शाबूत असतो. पण तो सल्ला ज्यांच्या अंगावर चरबी जास्त झालीय त्यांच्यासाठी आहे. माझ्या ओट्यावर बसलेल्या मुलीच्या अंगावर जाळायला आहे काय?

शिवाय पोलीस भरतीची दौड म्हणजे सकाळचा फेरफटका नव्हे. शिपाई भरतीत ५० गुणांची शारीरिक चाचणी असते. त्यातले २० गुण एका धावण्याचे, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. एकेका सेकंदावर गुण जातात. एवढ्या जोरात धावायला शरीर मुख्यतः साखर वापरते, चरबी नाही. चरबी हळू जळणारं ओलं लाकूड आहे, जोराच्या जाळाला ते पुरत नाही. रात्रभरात यकृतातला साखरेचा साठा बराच उतरलेला असतो, आणि रक्तातली साखर सांभाळायचं काम त्याचंच. अशा वेळी पोर जोर लावते, पण जोर येत नाही. मग सर म्हणतात, मेहनत कमी पडते.

कोल्हापूरच्या तालमींचा दाखलाही मला एकानं दिला. पैलवान पहाटे चारला उठून रिकाम्या पोटी जोर-बैठका मारतात की! मारतात. पण आदल्या रात्रीचं दूध-तूप आणि मेहनत संपल्या संपल्या मिळणारी बदामाची थंडाई कुणी सांगत नाही. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, तेव्हा पैलवानाच्या खुराकाची जबाबदारी कुणीतरी घेतली पाहिजे हे राजाला कळत होतं. आमच्या पोरांना तालमीची पहाट दिली आणि खुराक मात्र दिला नाही.

खायचं काय आणि केव्हा, यात काही गूढ नाही. साधा हिशेब असा की पोटभर जेवण आणि जोराची मेहनत यांच्यात तीन-चार तास हवेत. पहाटे ते शक्य नसतं, दोन वाजता उठून कोण जेवणार? म्हणून रात्रीचं जेवण नीट करायचं आणि पहाटे थोडंसं, लवकर पचणारं काहीतरी अर्धा-एक तास आधी पोटात टाकायचं. एक केळं. किंवा दोन-तीन खजूर. किंवा मूठ-दोन मूठ मुरमुरे आणि गूळ. किंवा वाटीभर पातळ पेज, मीठ घालून. सोबत एक-दोन पेले पाणी. बस. तेलकट, तिखट आणि जड मात्र धावण्याआधी नको. तर्री-पोहे आमचा जीव की प्राण, पण ते खाऊन पळालात तर पोटात मुरडा येणारच. सरांचं ‘पोटात काही असलं का दौड होत नाही’ हे बहुतेक असल्याच एखाद्या अनुभवातून आलेलं असावं. कुणीतरी आलुबोंडा खाऊन आला, ओकला, आणि नियम तयार झाला की खायचंच नाही.

ज्यांना पहाटे काहीच जात नाही, मळमळतं, अशी पोरं असतात. त्यांनी अर्ध्या केळ्यापासून सुरुवात करावी, पोटालाही सवय लागते. आणि कुठलाही नवा पदार्थ भरतीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नये.

शिळ्या भाताबद्दल थोडं सांगते, कारण त्याची फार लाज वाटते पोरांना. आमच्या झाडीपट्टीत रात्री उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचं आणि सकाळी मीठ-कांद्यासोबत खायचं, ही पद्धत पिढ्यानपिढ्यांची. पलीकडे छत्तीसगडात त्याला बोरे-बासी म्हणतात, आणि २०२२ साली तिथल्या सरकारनं १ मेला मजुरांच्या मानासाठी बोरे-बासीचा दिवसच साजरा केला. धान रोवायला जाणाऱ्या बाया हाच भात खाऊन दिवसभर चिखलात वाकतात. त्यात पाणी, मीठ आणि साखरेत बदलणारा भात, तिन्ही आलं. उन्हाळ्यात तो फार आंबला, वास यायला लागला तर टाकून द्यावा, एवढं पथ्य पुरे. हाच भात एखाद्या परदेशी डब्यात घालून विकला तर आमच्या अकादम्या तो विकत घेतील. तीन हजारांची पावडर मैदानावर विकायला येते, तेव्हा तिला कुणी उपाशीपोटीचा नियम लावत नाही.

पण मला सगळ्यात जास्त काळजी धावण्याआधीच्या खाण्यापेक्षा नंतरच्या खाण्याची वाटते. सात-साडेसातला मैदान सुटतं. तिथून पोरं टपरीवर जातात, चहा आणि एक टोस्ट. मग लेखी परीक्षेचा क्लास, मग अभ्यासिका. कुणी कापडाच्या दुकानात कामाला लागलेलं असतं, ते तिकडे. पहिलं खरं जेवण दुपारी एक वाजता. मेहनतीनंतर तासा-दोन तासांत भात-भाकरीसोबत वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळाली तर झिजलेला स्नायू भरून येतो, नाहीतर रोजची मेहनत अंगाला लागत नाही. वीस ग्रॅम म्हणजे काय? दोन अंड्यांत बारा. मूठभर फुटाण्यांत सहा. पेलाभर दुधात सहा-सात. वाटीभर घट्ट वरण जमेस धरा. गरीब घरातही हे अशक्य नाही, पण ते साडेसातला तयार पाहिजे.

आणि इथे घरातल्या घड्याळाचा प्रश्न येतो. साडेसातला तयार ठेवायला उठणार कोण? त्या मुलीची आई पाचला उठते, पाणी भरते, सहा वाजता दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला निघते. तिची चूल दहाला पेटते. मुलगा धावत असेल तर आई पहाटे उठून काहीतरी करते, हे मी पाहिलंय. मुलगी धावत असेल तर तिनं धावून येऊन घरातला झाडू मारावा, मग भात टाकावा, अशी अपेक्षा असते. आमच्या मोहल्ल्यातही हेच, त्यांच्या टोलीतही हेच. यात हिंदू-मुसलमान काही नाही.

त्या मुलीचं रक्त तपासायला मी तिला सोबत घेऊन गेले. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. म्हणजे केवळ त्या दिवशीच्या रिकाम्या पोटानं ती पडली असं मी म्हणत नाही, तिची टाकी कधीपासूनच अर्धी होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे मैदानावर धावणाऱ्या दर दोन मुलींमागे एक. तिला आधी लोहाच्या गोळ्या पाहिजेत, आणि जेवणाला लागून चहा पिणं बंद करायला पाहिजे, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हे न तपासता तिला उपाशी पळवणं मला गुन्ह्यासारखं वाटतं.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. ज्यांचा एएस पॅटर्न आहे, त्यांना एरवी काहीच होत नाही, बहुतेकांना तो आपल्याला आहे हेही ठाऊक नसतं. पण पाणी न पिता, उन्हात, अचानक जीव तोडून धावलं तर अशा वाहकांना गंभीर त्रास होऊ शकतो. त्यांनी धावू नये असं अजिबात नाही. पाणी पिऊन, हळूहळू वेग वाढवत धावावं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. भरतीच्या अर्जासाठी पोरं दहा दाखले गोळा करतात. मैदानात उतरण्याआधी हा एक कागद अकादमीनं मागितला तर काय बिघडेल?

भरतीच्या दिवसाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या खेड्यातलं पोर आदल्या संध्याकाळी निघतं. लॉजला पैसे नसतात म्हणून स्टेशनवर किंवा बसस्टँडवर झोपतं. बाहेरचं खाऊन पोट बिघडेल या भीतीनं जेवत नाही. पहाटे चारला रांगेत लागतं. कागद तपासणी, उंची, छाती, आणि धावायचा नंबर येतो कधीकधी नऊ-दहाला. तोवर पोटात सोळा तास काही नाही, डोक्यावर ऊन. जूनमध्ये भरती असेल तर गोंदियात सूर्य साडेपाचलाच उगवलेला असतो, नऊ म्हणजे आमच्याकडे जवळजवळ दुपार.

२०१४ च्या जून महिन्यात मुंबई पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना तरुण पोरं दगावली होती. तेव्हा चर्चा झाली ती अंतराची आणि उन्हाची. झारखंडात २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार गेले. ते कशानं गेले हे वैद्यकीय तपासाचं काम आहे, मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण त्यानंतर तिथल्या मुख्यमंत्र्यांनी सूचना दिल्या की सकाळी नऊनंतर दौड घेऊ नये आणि उमेदवारांसाठी केंद्रावर नाश्ता-फळांची सोय करावी, कुणी उपाशीपोटी धावू नये. इतके जीव गेल्यावर सरकारला जे सुचलं, ते आमच्याकडे आधीच का सुचू नये? केळ्याचा भाव काय तो विचारा, आणि एका भरतीचा खर्च काय तो विचारा.

तरतूद माहीत नाही असंही नाही. अल्पसंख्याक उमेदवारांसाठी राज्य सरकारची पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना आहे, तिच्यात अल्पोपहार धरलेला आहे. म्हणजे धावणाऱ्या पोराला खायला लागतं हे मंत्रालयातल्या कुणालातरी पटलेलं आहे. पण ती थोड्या जणांसाठी आणि थोड्या दिवसांसाठी. शाळेतला पोषण आहार आठवीला संपतो. नववीपासून पुढे सरकारच्या लेखी मुलाला भूक लागत नाही.

बीएडला आम्हाला मास्लोचा पिरॅमिड होता. सगळ्यात खाली भूक, तहान, झोप. सगळ्यात वर स्वतःला घडवणं. मी तो पट्टीनं नीट आखला होता, गुणही चांगले मिळाले होते. मग वीस वर्षं पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलांना उभं करून ‘लक्ष कुठंय?’ विचारलं, पण ‘सकाळी काय खाल्लं?’ हे क्वचितच विचारलं. सरांवर ओरडताना मला हेही आठवत होतं.

आणि आमच्या लोकांनाही दोन शब्द. रमजानमध्ये रात्रभर जागायचं, क्रिकेट खेळायचं, सहरीला उठवलं तर “भूक नहीं है” म्हणून पडून राहायचं, मग इफ्तारला भजी-समोशांवर तुटून पडायचं. ही आमच्या पोरांची तऱ्हा आहे आणि त्यातलीच काही भरतीची तयारीही करतात. त्यांनी मैदान पहाटेचं इफ्तारनंतर दोन तासांवर न्यावं, नाहीतर इफ्तारच्या आधी हलकंच चालावं. सहरीत भात, डाळ, अंडं, दही घ्यावं, नुसता चहा नको. हे सांगायला मौलाना लागत नाहीत, आईचं ऐकलं तरी पुरतं.

सरांशी माझं भांडण मिटलं असं नाही. ते अजूनही म्हणतात, “मॅडम, जास्त लाडानं पोरं बिघडतात.” पण आता मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याचा एक माठ आहे, आणि दौड सुटल्यावर पोरांनी आपापल्या घरून आणलेले फुटाणे खायला ते पंधरा मिनिटं देतात. माठ मी दिला. फुटाण्यांचं कुणी सुचवलं ते ते सांगत नाहीत.

ती मुलगी तीन महिने गोळ्या घेऊन पुन्हा धावते आहे. जाताना आमच्या फाटकाशी थांबत नाही, नुसता हात वर करते. हातात अर्धं सोललेलं केळं असतं.